दोन सुया, एक धागा आणि बाळाची टोपी




पावसाळा सरला, की आपल्या मंडळ्यांतील महिला मंडळांकडून एक प्रश्न हमखास येतो : “यंदा नाताळापूर्वी पाड्यांवर पाठवायला काय विणू? स्वेटर चालतील का? लोकर कोणती घेऊ?” फोनवर दोन मिनिटांत देता येईल असे याचे उत्तर नाही. म्हणून या अंकात विणकामाविषयीच सविस्तर लिहीत आहे. ज्यांच्या हाताला सुयांची सवय आहे त्यांना यातील काही गोष्टी ठाऊक असतील. ज्यांनी कधी सुई हातात धरली नाही, त्यांनी हा लेख वाचून एकदा धरून पाहावी, अशी इच्छा आहे.

एकाच शब्दाची दोन कामे

मराठीत ‘विणणे’ हा शब्द आपण दोन निरनिराळ्या कामांसाठी वापरतो. मागावर लुगडे विणतात आणि सुयांवर स्वेटरही विणतात. पण ही दोन कापडे मुळातूनच वेगळी आहेत. मागावरच्या कापडात उभे धागे आधी ताणून बसवलेले असतात आणि आडवा धागा त्यांच्या खाली-वर जातो. असे कापड ताणले तरी फारसे लांबत नाही, आणि त्यासाठी माग लागतो, जागा लागते.

सुयांवरच्या विणकामात धागा एकच असतो. त्याचा एक फास सुईवर असतो, त्यातून दुसरा फास ओढून घ्यायचा, त्यातून तिसरा. एवढीच ही कला. फास वळणदार असल्यामुळे ओढले की सरळ होतात आणि सोडले की पुन्हा मूळ आकारात येतात. म्हणून मोजा पायावर चढतो आणि टोपी डोक्याला धरून बसते. याच कारणाने एक टाका सुईवरून निसटला, तर खाली शिडीसारखी रेघ पडत जाते, आणि धाग्याचे टोक ओढले तर सगळा स्वेटर पुन्हा गुंड्यात परततो.

नव्याने शिकणाऱ्यांना सुलट आणि उलट अशा दोन टाक्यांची धास्ती वाटते. वास्तविक ते दोन टाके नाहीतच. सुलट टाका मागच्या बाजूने पाहिला, की तोच उलट दिसतो. पुढून ‘व्ही’सारखी खूण दिसते आणि मागून आडवी गाठ दिसते, इतकाच फरक. सगळ्या ओळी सुलट विणल्या तर दोन्ही बाजूंनी सारखे, जाड, न वळणारे कापड तयार होते. एक ओळ सुलट व एक उलट विणली, तर एका बाजूने गुळगुळीत कापड होते, पण त्याच्या कडा आत वळतात. दोन सुलट, दोन उलट असे एकाच ओळीत घातले, की ताणला जाणारा काठ मिळतो. स्वेटरच्या मनगटाला आणि कमरेला हाच काठ असतो. जगातले बहुतेक नमुने या तीन प्रकारांतूनच निघाले आहेत.

मोजे, पाळकसाहेब आणि एक चित्र

मागाच्या मानाने हे विणकाम फार जुने नाही. इजिप्तमध्ये सापडलेले सुती मोजे साधारण अकराव्या ते चौदाव्या शतकातले आहेत. पुढे ही कला भूमध्य समुद्राच्या काठाने युरोपात पसरली. जर्मनीत मास्टर बर्ट्रम या चित्रकाराच्या नावाने ओळखले जाणारे, इ.स. १४०० च्या सुमाराचे एक वेदीचित्र आहे. त्यात पवित्र मरिया चार सुयांवर बाळ येशूचा झगा विणत बसली आहे. झगा जवळजवळ पूर्ण झाला आहे आणि ती गळ्याचे टाके विणते आहे. जवळच बाळ जमिनीवर पहुडले आहे, आणि आलेल्या देवदूतांच्या हातात क्रूस व भाला आहे. योहानाच्या शुभवर्तमानात क्रूसाजवळ शिपायांनी ज्या बिनशिवणीच्या झग्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या, त्याची ही आठवण. मरियेच्या काळी अशा सुया नव्हत्या, हे खरे. पण चार सुयांवर गोल विणले तर शिवण येत नाही, हे त्या चित्रकाराने नीट पाहिलेले होते.

विणकामाचे पहिले यंत्रही एका पाळकाच्या नावावर आहे. इंग्लंडमधील नॉटिंगहॅमशायरचे विल्यम ली यांनी १५८९ मध्ये मोजे विणण्याची चौकट तयार केली. राणी एलिझाबेथ पहिली हिने त्यांना त्याचा हक्क दिला नाही. हाताने मोजे विणून पोट भरणाऱ्यांचा घास जाईल, ही धास्ती तिला होती, असे सांगतात. चारशेहून अधिक वर्षे झाली, तरी हा प्रश्न सुटलेला नाही. या लेखाच्या शेवटी तो आपल्याही दारात येणार आहे.

हाताला लागलेली शांती

विणकामात सुख कशाचे असते? ज्यांनी विणले आहे त्यांना विचारा. बहुतेक जण आधी शांततेचे नाव घेतात. दोन्ही हात एकाच लयीत चालतात, डोळ्यांना थोडेच काम असते, आणि मन मोकळे राहते. कानांनी बोलणे ऐकता येते, तोंडाने गाणे म्हणता येते, प्रार्थनाही करता येते. रुग्णाच्या उशाशी बसलेल्या बाईच्या हातात सुया असल्या, की तिची रात्र थोडी सोपी जाते. २०१३ मध्ये ब्रिटनमधील एका व्यवसायोपचार नियतकालिकात जगभरच्या ३,५४५ विणणाऱ्यांच्या उत्तरांवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. जे वरचेवर विणतात, त्यांनी आपल्याला शांत आणि आनंदी वाटते असे अधिक प्रमाणात सांगितले होते. उत्तरे त्यांची स्वतःची होती, त्यामुळे त्याला औषध म्हणू नये. पण आपल्या आज्या-मावश्यांचा अनुभव त्याहून निराळा नाही.

दुसरे सुख असे, की काम डोळ्यांसमोर वाढते. समाजसेवेत आम्हाला हे सुख क्वचित मिळते. एखाद्या मुलीची शाळा टिकली की नाही, हे कळायला दहा वर्षे लागतात. विणकामात संध्याकाळी दहा ओळी झाल्या, की त्या मोजता येतात. चुकले तर उसवता येते, आणि उसवलेला धागा वाया जात नाही. घरोघरच्या आया लहान झालेला स्वेटर उसवून, लोकरीची लडी करून धुवून वाळवत आणि पुढच्या वर्षी धाकट्यासाठी मोठा स्वेटर विणत. कोपरावर विरलेली लोकर काढून तिथे दुसऱ्या रंगाचा पट्टा येई, आणि तोच पट्टा त्या स्वेटरची शोभा होई. काटकसर आणि कला तिथे एकत्र नांदत होत्या.

तिसरे सुख देण्याचे. यापोतील टबीथा, म्हणजेच दुर्कस, हिची गोष्ट आपण संडे स्कूलपासून ऐकतो. ती वारली तेव्हा विधवा रडत पेत्राजवळ आल्या आणि तिने केलेले अंगरखे व वस्त्रे त्यांनी त्याला दाखवली. प्रेषितांच्या कृत्यांत तिचे एकही वाक्य लिहिलेले नाही. तिची साक्ष त्या कपड्यांनीच दिली.

‘लोकर’ म्हणजे नक्की काय?

आता कामाच्या गोष्टीकडे वळू. दुकानात आपण ‘लोकर’ मागतो, तेव्हा बहुधा मेंढीची लोकर मिळत नाही. तो असतो ॲक्रिलिक धागा, म्हणजे खनिज तेलापासून कारखान्यात तयार केलेला. १९५० च्या दशकापासून तो जगभर पसरला. तो स्वस्त असतो, रंग पक्के असतात, कसर लागत नाही आणि कसाही धुतला तरी आटत नाही. पण लोकरीचे जे खरे गुण, ते त्यात थोडेच आहेत.

मेंढीच्या लोकरीचा प्रत्येक तंतू कुरळा असतो. कुरळेपणामुळे तंतूंच्या मध्ये हवा अडकते, आणि अडकलेली हवाच थंडी अडवते. दुसरा गुण असा, की लोकर आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्क्यांपर्यंत ओलावा शोषून घेते, तरी हाताला ओली लागत नाही. दवात, धुक्यात, घामात ती उबदार राहते. तिसरा गुण सर्वांत महत्त्वाचा : लोकर सहजासहजी पेट घेत नाही. ज्योत लावली तर करपते आणि ज्योत दूर नेली की बहुधा आपोआप विझते. ॲक्रिलिक मात्र पेटते, वितळते आणि वितळलेला चिकट थेंब कातडीला धरून बसतो.

घरातला धागा कोणता आहे, हे ओळखायची सोपी रीत आहे. बोटभर तुकडा चिमट्यात धरून, खाली पाण्याचे ताट ठेवून जाळून पाहा. केस जळाल्यासारखा वास आला आणि बोटांनी चुरडणारी राख राहिली, तर ती मेंढीची लोकर. कागद जळाल्याचा वास आणि हलकी करडी राख असेल, तर सूत. वितळून काळा, टणक मणी झाला, तर ॲक्रिलिक. हे काम मोठ्यांनीच करावे.

जिथे चूल घराच्या मध्यभागी आहे

या फरकावर मी इतके शब्द का खर्च करतो आहे? कारण आपण विणलेले कपडे जिथे जातात, तिथली घरे आपल्या घरांसारखी नाहीत. सातपुड्यातील तोरणमाळ किंवा मेळघाटातील चिखलदरा समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच आहे. अक्कलकुवा तालुक्यातील डाब परिसरात तर काही हिवाळ्यांत पहाटेचे दव गवतावर गोठलेले दिसते. कुडाच्या भिंतीतून वारा आत येतो. रात्री घरातील सगळे चुलीभोवती किंवा शेकोटीभोवती निजतात. लहान मुले विस्तवाच्या सर्वांत जवळ सरकतात. अशा घरात लोंबत्या बाह्यांचा, मऊ केसाळ ॲक्रिलिक स्वेटर ही धोक्याची वस्तू आहे.

मग शुद्ध लोकरच पाठवावी का? तिथेही अडचण आहे. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घासणे एकत्र आले, की ते एकमेकांत अडकतात आणि कपडा आटून पुठ्ठ्यासारखा होतो. ओढ्यावर दगडावर आपटून कपडे धुणाऱ्या बाईकडे थंड पाण्यात हलक्या हाताने लोकर धुण्याची सवड नसते. शिवाय खरखरीत लोकर नवजात बाळाच्या कातडीला टोचते.

सूत मऊ असते, धुवायला सोपे असते आणि वितळत नाही. मात्र ते पेट घेते आणि ओले झाले तर गारठते. सर्व बाजूंनी बिनचूक धागा कोणताच नाही, म्हणून वस्तूप्रमाणे निवड करावी. नवजात बाळाच्या टोपी-मोज्यांसाठी मऊ सूत, किंवा धुताना आटणार नाही अशी प्रक्रिया केलेली मऊ लोकर घ्यावी. मोठ्यांच्या शाली, मफलर आणि पांघरुणांसाठी खरी लोकर घ्यावी. ॲक्रिलिक वापरायचेच असेल, तर ते शाळेत जाणाऱ्या मुलांच्या अंगाबरोबर बसणाऱ्या बिनबाह्यांच्या स्वेटरसाठी वापरावे, आणि देताना ‘चुलीजवळ घालू नये’ हे तोंडी समजावून सांगावे. चिठ्ठी लावून भागत नाही, कारण चिठ्ठी वाचणारे माणूस घरात असेलच असे नाही.

बाळाला टोपी का हवी?

नवजात बाळाच्या शरीराचे तापमान साधारण ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावे लागते. त्याहून कमी झाले, की बाळ दूध नीट ओढत नाही, मंदावते आणि आजारपण पटकन बळावते. मोठ्या माणसासारखे कुडकुडून ऊब निर्माण करणे बाळाला जमत नाही. अडीच किलोहून कमी वजनाच्या बाळाच्या कातडीखाली चरबीही थोडीच असते. त्यातच बाळाचे डोके शरीराच्या मानाने मोठे असते, त्यामुळे उघड्या डोक्यावाटे बरीच ऊब जाते.

गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील स्त्रियांनाच नवजात बाळाची घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले. त्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले : नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. बाळाला ऊब देणे हा त्या काळजीचा एक भाग होता, आणि जंतुसंसर्गावर वेळीच उपचार हाही होता. आज आशाताई बाळंतपणानंतर सहा आठवड्यांत ठरलेल्या दिवशी घरी येतात, वजन व ताप पाहतात आणि बाळ गरम आहे का हे तपासतात. घरीच बाळंतपण झाले असेल तर पहिल्या दिवसाची आणखी एक भेट असते.

कोणतीही टोपी आईच्या उबेची जागा घेत नाही, हे मात्र लक्षात ठेवावे. १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे डॉक्टरांनी कमी वजनाच्या बाळांना आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली. कांगारू माता काळजी म्हणून ती आता जगभर शिकवली जाते. त्या वेळी बाळाच्या अंगावर लंगोट, पायात मोजे आणि डोक्यावर टोपी, एवढेच असते. आईच्या छातीतून बाळाला ऊब मिळते आणि टोपी ती ऊब डोक्यावाटे निसटू देत नाही. आपल्या सुयांचे काम एवढेच आहे, पण ते छोटे नाही.

टोपी अशी विणावी

धागा मध्यम जाडीचा घ्यावा. सुया ८ नंबरच्या, म्हणजे ४ मिलिमीटरच्या. (आपल्याकडील जुन्या क्रमांकांत आकडा मोठा तितकी सुई बारीक, हे विसरू नये. १० नंबरची सुई सव्वातीन मिलिमीटरची असते.) आधी एक छोटा चौकोन विणून मोजून पाहावा. १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके आणि ३० ओळी बसल्या पाहिजेत. जास्त बसत असतील तर जाड सुई घ्यावी, कमी बसत असतील तर बारीक.

६६ टाके घालावेत. पहिल्या बारा ओळी दोन सुलट, दोन उलट अशा काठाच्या विणाव्यात. उलट बाजूने येताना समोर जसे दिसेल तसे विणत जावे. नंतर एक ओळ सुलट, एक उलट असे करत एकूण उंची १० सेंटिमीटर होऊ द्यावी.

आता टाके कमी करायचे. एक टाका सुलट. मग सहा सुलट आणि दोन एकत्र, असे आठ वेळा. शेवटी एक सुलट. ५८ टाके उरतील. परतीची ओळ पूर्ण उलट. पुढच्या वेळी पाच सुलट आणि दोन एकत्र. त्यापुढे चार, तीन, दोन, एक असे उतरत जावे. प्रत्येक वेळी आठ टाके कमी होतात. शेवटी फक्त दोन-दोन एकत्र विणले, की दहा टाके राहतात. परतीची उलट ओळ विणावी, धागा हातभर ठेवून तोडावा, मोठ्या सुईने त्या दहा टाक्यांतून ओढून घट्ट आवळावा आणि बाजू शिवून घ्यावी.

ही टोपी पुऱ्या दिवसांच्या बाळाला बसते. छोट्या बाळासाठी ५० टाके घ्यावेत, सरळ भाग ८ सेंटिमीटरचा ठेवावा आणि कमी करताना चार सुलट, दोन एकत्र यापासून सुरुवात करावी.

काही नियम कडक पाळावेत. टोपीला नाडी, गोंडा, मणी, बटण लावू नये. नाडी गळ्याला आवळते आणि बटण तोंडात जाते. मोज्यांच्या आत सुटे धागे राहू देऊ नयेत. बाळाच्या बोटाभोवती धागा गुंडाळला गेला, तर बोटाचा रक्तपुरवठा थांबतो आणि बाळ का रडते हे कोणाला कळत नाही. जाळीदार नमुने घेऊ नयेत, कारण भोकात बोटे अडकतात. टोपी धुवून, पूर्ण वाळवून द्यावी. आणि देताना आईला सांगावे : ऊन वाढले, बाळाला घाम आला किंवा पाठ-छाती गरम लागली, की टोपी काढायची.

डोंगरातले धागे

आपण सुया-लोकर घेऊन पाड्यावर जातो, तेव्हा धाग्याचे काम तिथे आधीपासून आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. अंबाडीची कापलेली झाडे डबक्यात दोन-तीन आठवडे भिजत घालतात. साल कुजून सैल होते, मग देठापासून वाख सोलून धुतात, वाळवतात आणि मांडीवर पिळून दोर करतात. गुरांची दावी, शिंकी आणि बाजेची वीण त्यातूनच तयार होते. मासे धरायची जाळी हाताने गाठी मारून विणणारे म्हातारे आजही भेटतात. गाठीमागून गाठ सारख्या अंतरावर येण्यासाठी लागणारी नजर आणि बोटांचे माप त्यांच्याकडे आहे. अशा माणसाला सुलट-उलट शिकवायला एक दुपार पुरते.

पठारावर धनगरांची घोंगडी आहे. दख्खनी मेंढीची लोकर आखूड आणि भरड असते. धनगर बाया ती कातायच्या, सनगर मागावर विणायचे आणि चिंचोक्याची खळ लावून घोंगडीला ताठपणा द्यायचे. ती टोचते, म्हणून शहरात कोणी घेत नाही. पण पावसाचे पाणी ती पटकन आत जाऊ देत नाही, आणि रानात मेंढरांमागे फिरणाऱ्याला तीच छत्री, तेच अंथरूण. पाड्यावरच्या वृद्धांसाठी पांघरूण द्यायचे असेल, तर कारखान्याच्या पातळ ब्लँकेटऐवजी घोंगडीचा विचार जरूर करावा. तिच्यामुळे घरे दोन उबतात : घेणाऱ्याचे आणि विणणाऱ्याचे.

आणि गोधडी तर घराघरात आहे. जुनी लुगडी एकावर एक पसरून धावदोरा घालायचा, की झाले पांघरूण. उत्तर कर्नाटकातील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत राहणाऱ्या सिद्दी आदिवासी भगिनी अशीच ‘कवंद’ नावाची गोधडी शिवतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणले गेले होते, त्यांपैकी कित्येक जण पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात. सिद्दी हिंदू आहेत, मुसलमान आहेत आणि ख्रिस्तीही आहेत. गोधडी मात्र तिन्ही घरांत तीच. जुन्या कपड्यांचे रंगीत तुकडे कडेपासून लावत मध्याकडे यायचे आणि शेवटी चारही कोपऱ्यांना घडी घातलेले छोटे तुकडे बसवायचे. त्यांना ‘फुला’ म्हणतात. फुला नसेल तर कवंद अपुरी समजली जाते. ज्या घरात दुसरे काही नवे नाही, तिथेही ही शोभा वगळली जात नाही.

तयार वस्तू पाठवावी की सुया?

आता मघाशी राहिलेला प्रश्न. वर दिलेल्या टोपीत सुमारे अडीच हजार टाके आहेत. मिनिटाला दहा टाके विणणाऱ्या नवशिक्या बाईला ती विणायला चार तासांहून अधिक वेळ लागेल. सराईत हाताला दीड-दोन तास. बाजारात यंत्रावरची टोपी काही रुपयांत मिळते. तेव्हा ‘महिलांना विणकाम शिकवू, टोप्या विकू, संसाराला हातभार लागेल’ हा हिशेब कागदावर दिसतो तितका सोपा नाही.

इतिहासात दोन्ही बाजू दिसतात. नागरकोइल येथे १८२० च्या सुमारास लंडन मिशनरी सोसायटीच्या मार्था मॉल्ट यांनी मुलींना लेस विणायला शिकवले. त्या कमाईतून काही गुलाम स्त्रियांनी आपली सुटका विकत घेतल्याच्या नोंदी आहेत. आपल्या केडगावला पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून आलेल्या मुलींना अक्षरांबरोबर माग, शिवण आणि छापखान्याचे काम शिकवले, आणि त्या मुली स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या. पण आंध्रातील नरसापूरची लेस, जिची सुरुवातही मिशनच्या शिक्षणातून झाली, ती पुढे व्यापाऱ्यांच्या हाती गेली. मारिया मीस यांनी १९८२ च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिले, की दिवसाचे कित्येक तास राबणाऱ्या त्या बायांना ‘घरी बसून फावल्या वेळात काम करणाऱ्या’ ठरवले गेले, आणि म्हणून मजुरी नाममात्र राहिली. माल परदेशात विकला जात होता.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात, असे माझे मत आहे. आपण आपल्या घरी, आपल्या आनंदासाठी विणतो आणि प्रेमाने देतो. तिथे तासांचा हिशेब नको. पण पाड्यावरच्या बाईकडून विकण्यासाठी विणून घेतले, तर तिचा प्रत्येक तास मोजला पाहिजे आणि त्या दिवशीच्या शेतमजुरीहून कमी पडता कामा नये. एवढी किंमत मिळणार नसेल, तर तिला विक्रीसाठी विणायला सांगू नये. तिने आपल्या लेकरासाठी विणावे, शेजारणीला शिकवावे आणि त्यातले सुख घ्यावे. आनंदाने हातात सुया धरण्याचा हक्क शहरातल्या बाईइतकाच तिचाही आहे.

या हिवाळ्यात काय करावे?

ज्यांना विणून पाठवायचे आहे, त्यांनी मोठ्या स्वेटरऐवजी सुती टोप्या आणि मोजे पाठवावेत, दोन्ही मापांचे. पिशवीवर धागा कोणता हे लिहावे. ज्यांच्या घरी वापरात नसलेल्या सुया पडून आहेत, त्यांनी ८ आणि १० नंबरच्या जोड्या वेगळ्या काढाव्यात. बरोबर मऊ सुताचे दोन गुंडे ठेवावेत. असा एक संच म्हणजे पाड्यावरच्या एका आईचे शिक्षण. आणि ज्या भगिनींना चांगले विणता येते, त्यांना वेळ काढता आला, तर त्यांनी एखाद्या शनिवारी आमच्याबरोबर यावे. अंगणवाडीच्या ओसरीवर चटई टाकली, की बाया बाळांना मांडीवर घेऊन जमतात. पहिल्या दिवशी टाके घालणे आणि सुलट, एवढेच शिकवायचे. उलट दुसऱ्या शनिवारी.

दूध पाजणाऱ्या आईचे हात मोकळे नसतात, तेव्हा तिची सासू किंवा मोठी मुलगी सुया हाती घेते. एकाच घरात तीन पिढ्यांना एक धागा पुरतो. मंडळीच्या नाताळच्या तयारीत यंदा या कामालाही जागा द्यावी आणि आपल्या प्रार्थनेत थंडीत जन्मणाऱ्या बाळांची आठवण ठेवावी, ही नम्र विनंती.